मानवलेलं पाणी

१

दातवाल्याचा दिवस दुसऱ्यांच्या तोंडात बोटं घालण्यात जायचा, त्यामुळे स्वतःचं तोंड उघडायची त्याला फारशी सवय नव्हती. तो डॉक्टर नव्हता, आणि तसं कधी भासवतही नव्हता. तो कवळ्या बनवायचा. माप घ्यायचं, मापात प्लास्टर ओतायचं, वाळलेल्या साच्यावर मेण चढवायचं आणि मेणात एकेक दात रोवायचा. शहरात उस्तादांच्या हाताखाली त्याने अर्धं आयुष्य हेच केलं होतं. लग्नही तिथेच झालं, उशिरा, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागल्यावर.

बायको शेजारच्या कापडाच्या दुकानात कामाला होती. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, दारातून दोघांनी एकदमच आत घुसू बघावं तसे. तिला पहिल्यांदा हसताना त्याने कामाच्या नजरेने पाहिलं, आणि दुसऱ्यांदा कामाची नजर बाजूला ठेवून. ओळख वाढल्यावर एकदा भीत भीत म्हणाला, "सरळ करून देऊ का?"

"कशाला? असे आहेत म्हणून तर तुम्ही बघत बसता," ती म्हणाली.

ते खरंच होतं.

मग तिच्या थोरल्या भावाचा, दादाचा, निरोप आला. तिच्या माहेरचा मुलूख कोरडा; ती स्वतः मात्र तान्ही असल्यापासून शहरात मावशीकडे वाढली होती. पाऊस यायचा तो पाहुण्यासारखा, चहा होईपर्यंतही थांबायचा नाही. सगळ्या वस्तीला बारमाही अशी एकच विहीर, आणि तिच्या पाण्यात जमिनीतलं काहीतरी उतरायचं. त्याने दातांवर पिवळे पट्टे यायचे, मग तपकिरी, मग दात खडूसारखे तुटायचे. "जावईबापू, तुमचं गिऱ्हाईक इथे बसलंय आणि तुम्ही तिथे माश्या मारताय," दादा म्हणाला. घराची रस्त्याकडची खोली रिकामीच होती. दुकान तिथे टाकायचं ठरलं.

उस्ताद म्हणाले, "जा खुशाल. पण त्यांचं पाणी पिऊ नकोस, नाहीतर तूच तुझं गिऱ्हाईक होशील."

हसण्यावारी नेण्यासारखंच बोलणं होतं, पण त्याने ते मनावर घेतलं. बायकोला अट घातली: विहिरीचं पाणी दोघांनीही तोंडात घ्यायचं नाही. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात पाण्याचे सीलबंद जार मिळतात, ते आणायचे.

"कबूल," ती म्हणाली. "तुमच्या पाण्याचं मी बघेन. तुम्ही तुमचे दात बघा."

२

विहीर दादाच्या परसाच्या भिंतीपलीकडेच होती. गोल, खोल, आतून घडीव दगडांनी बांधलेली, वर लोखंडी रहाट. कठड्यावर कधीतरी सरकारी माणसांनी तांबड्या रंगात लिहिलं होतं: पाणी पिण्यास अयोग्य. त्या अक्षरांवर बायका कळशी टेकवायच्या, त्यामुळे मधली अक्षरं घासून गेली होती.

"हे पुसून टाकत नाही तुम्ही?" त्याने पहिल्याच दिवशी दादाला विचारलं.

"कशाला? बाहेरच्यांसाठी लिहिलंय ते," दादा म्हणाला. "बाहेरच्यांनी पिऊ नये, बरोबरच आहे."

दादा गप्पिष्ट माणूस. बोलताना खांद्यावर हात ठेवायची त्याला सवय होती, आणि तो हात जड असूनही बरा वाटायचा. वहिनी कमी बोलायची पण ताटात वाढताना कमी करायची नाही. दातवाल्याला जन्मात एवढी माया कुणी लावली नव्हती. उस्तादांकडे तो चहा उभ्यानेच प्यायचा. इथे त्याच्यासाठी पाट मांडला जायचा, आणि ताटाच्या उजव्या हाताला जारच्या पाण्याचा पेला, झाकण ठेवलेला. झाकण बायको स्वतः ठेवायची. वहिनीच्या हाताला लागू द्यायची नाही.

पाण्याची चव थोडी जड होती, जिभेवर पीठ उरावं तशी. प्रत्येक कंपनीच्या पाण्याची चव वेगळी असते, हे त्याला ठाऊक होतं.

एकदा जेवताना वहिनी त्याच्याकडे निरखून बघत म्हणाली, "पाणी मानवलं हं तुम्हाला. चेहरा भरलाय."

"वहिनी, मी जारचं पितो," तो हसला.

"हो की," वहिनी म्हणाली, आणि तिने बायकोकडे पाहिलं. बायको खाली बघून ताटातला खडा शोधत होती.

त्या दिवसांत बायकोला एक नवी सवय लागली होती. हसू आलं की तोंडावर हात. त्याला वाटलं, माहेरी आली की बाई थोरल्या भावासमोर जरा लाजते. एवढ्याशा गोष्टीचा कोण विचार करतो?

३

दुकान चाललं. पहिल्यांदा आली ती दूधवाली म्हातारी. दाढा आणि खालचे दात सगळे गेलेले, वरची पुढची रांग मात्र शाबूत. त्याने माप घेतलं, साचा ओतला, फळीवर ठेवला. तिचा वरचा डावा सुळा आपल्या जागी उभा राहून बाजूला वळलेला होता, अर्ध्या उघड्या दारासारखा. शेजारच्या दाताचा एक कोपरा उडालेला. आणि त्याच्या शेजारचा दात रांगेच्या किंचित आत, मागे रेललेला. त्याने गंमत म्हणून बोट फिरवून पाहिलं. माणसाचं तोंड त्याच्या अंगठ्याच्या ठशासारखं असतं, उस्ताद नेहमी म्हणायचे, एकाचं दुसऱ्याला नाही.

मग ट्रॅक्टरवाला आला. तरणाबांड, मानेची शीर दोरासारखी. खालचे दात पाण्याने खाल्लेले. त्याचाही साचा ओतला, वाळवला, आणि फळीवर ठेवताना दातवाल्याचा हात थांबला. सुळा वळलेला. शेजारच्याचा कोपरा उडालेला. त्याच्या शेजारचा आत रेललेला.

आपण म्हातारीचंच माप पुन्हा ओतलं असणार, दुसरं काय! त्याने स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि ट्रॅक्टरवाल्याला पुन्हा बोलावलं. पुन्हा माप. पुन्हा तेच.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी झाली, आणि ट्रॅक्टरवाला चुकून म्हातारीची खालची कवळी तोंडात घालून निघाला. दातवाल्याने त्याला रस्त्यात गाठलं.

"काढा ती. दुसऱ्याची आहे."

"असू दे की," तो म्हणाला, आणि दात वाजवून दाखवले. "झकास बसलीये."

खरंच झकास बसली होती. ज्या कामासाठी मापं घ्यायची, कानशी मारायची, माणसाला परत परत बोलवायचं, ते दुसऱ्याच्या तोंडात जन्मापासून असल्यासारखं बसलं होतं. ट्रॅक्टरवाला निघून गेला आणि दातवाला भर उन्हात उभा राहिला. वस्ती छोटी, सगळे एकमेकांचे सोयरे, एका रक्ताची माणसं; एकाचं नाक दुसऱ्याला जातं, तसे दात गेले असतील. मनाची अशी समजूत घालून तो दुकानात परतला. पण त्या दिवसापासून त्याने साचे फळीवर ठेवताना तोंडं भिंतीकडे करून ठेवायला सुरुवात केली.

४

सोयरिकीची ती समजूत शाळेच्या बाईंनी मोडली. बाई बाहेरच्या, दूरच्या मुलुखातल्या, बदली होऊन आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. एकट्याच होत्या. इथल्या कुणाशी त्यांचं दूरचंही नातं नव्हतं.

खुर्चीत बसून त्यांनी तोंड उघडलं, आणि दातवाल्याने हातातला ट्रे खाली ठेवला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. हा सुळा... पहिल्यापासून असा वळलेला आहे का?"

"छे! माझे दात पुढे होते हो, चांगले ओठाबाहेर. पोरं मागून नकला करायची," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडा दिमाख होता. "इथे आले आणि हळूहळू आत गेले. मलाही आधी कळलं नाही. मग एकदा दादांच्या घरी जेवायला बसले होते, तेव्हा वहिनी म्हणाल्या, बाई, पाणी मानवलं तुम्हाला."

"मानवलं म्हणजे?"

"म्हणजे मानवलं," बाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, हात मांडीवर नीट ठेवत, "मी सुट्टीत घरी जायचे आधी. आता नाही जात. आई म्हणते, तू हसतेस ते दुसरंच कुणीतरी हसतंय. आता आईचं मनावर घेऊन कसं चालेल? वय झालंय तिचं."

त्याने माप घेतलं. हात सवयीने चालला, पण बाईंच्या तोंडात बोट असताना त्यांनी सहज जबडा मिटला. चावल्या नाहीत, नुसता मिटला, हलकेच, आणि त्याच्या बोटाला तो सुळा लागला. अंधारात आपल्याच घरच्या दाराची कडी हाताला लागावी, तितका ओळखीचा.

बाई गेल्यावर त्याने जारचं पाणी घेऊन खळखळून चूळ भरली. एक पेला पोटभर प्यायलाही. जार होता म्हणून बरं, असं त्याच्या मनात आलं. बायकोचं त्याला फार कौतुक वाटलं.

५

त्यानंतर तो जेवताना ऐकू लागला.

आधी ऐकू येत नव्हतं असं नाही, पण कानाआड गेलं होतं. दादा, वहिनी आणि बायको ओळीने बसायचे, तो समोर. बोलणं चालू असेपर्यंत काही नसायचं. बोलणं थांबलं की चावण्याचा आवाज यायचा, आणि तो एकच यायचा. तीन माणसं तीन वेगळे घास चावत होती, कुणाच्या ताटात भात, कुणाच्या ताटात भाजी, पण जबडे एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली. मध्येच दादा पाणी प्यायला थांबला की बाकीच्या दोघीही थांबायच्या. घास तोंडातच. दादाने पेला खाली ठेवला की पुन्हा सुरू.

एकत्र राहणारी माणसं एकसारखी चालतात, एकसारखी शिंकतात, त्यात काय, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. पण बायको तर त्याच्यासोबत राहत आली होती. शहरातल्या त्यांच्या खोलीत ती भरभर जेवायची आणि तो सावकाश, आणि त्यावरून ती त्याची टर उडवायची.

"तू हल्ली हळू जेवतेस," तो तिला खोलीत म्हणाला.

"घाई कसली आहे इथे?"

"हस बघू जरा."

"काहीतरीच काय!" ती म्हणाली, आणि हात तोंडावर नेऊन हसली. त्याने तो हात धरून खाली ओढायचं मनात आणलं. पण लग्न झाल्यापासून त्याने कधी तिचा हात ओढला नव्हता. आणि खरं सांगायचं तर, त्याला बघायचंही नव्हतं. तोंडं बघणं हा त्याचा धंदा होता; एकच तोंड असं होतं की जे त्याने धंद्याबाहेर ठेवलं होतं.

त्या दिवशी झोपण्याआधी त्याची जीभ सहज दातांवरून फिरली आणि डावीकडे काहीतरी बोचलं. दाण्याचं साल अडकलं असेल. त्याने जीभ आवरून घेतली.

६

उन्हाळा चढला तसं विहिरीचं पाणी तळाला गेलं. गाळ काढायचा असं दादाने ठरवलं. सगळी वस्ती काठावर जमली, पुरुष दोराला, बायका पाट्या वाहायला. "जावईबापू, या की," दादाने हाक मारली. "आपली विहीर आतून बघितली नाही तुम्ही."

'आपली' हा शब्द त्याला खटकला, पण तो गेला.

टळटळीत दुपार होती. दोघं जण खाली उतरले होते, त्यांच्या फावड्यांचा आवाज उशिराने वर यायचा. गाळाला वास असा काही नव्हता. घरात कुणी नसताना बंद खोलीला जो येतो, तेवढाच. कठड्याशी वाकलेली सगळी माणसं गप्प होती. एवढी माणसं एका जागी जमून एवढी गप्प त्याने कधी पाहिली नव्हती.

तोही वाकला.

वरची बांधणी सरळ होती, दगडावर दगड, कुठे गवताची काडी. पण खाली, एरवी जिथे पाणी असायचं तिथे, दगडांची एक वेगळी ओळ होती, भिंतीपासून जराशी पुढे आलेली, गोल फिरलेली. ओली आणि पिवळट. तिच्यावर तपकिरी पट्टे. बांधणाऱ्याने हे दगड इतके उभट का घडवले असतील, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचाराबरोबरच त्याची नजर ओळीवरून डावीकडे सरकली. कामाची नजर ती, सवयीने सरकली.

एक दगड आपल्या जागी उभा राहून बाजूला वळलेला होता. त्याच्या शेजारच्याचा एक कोपरा उडालेला. त्याच्या शेजारचा आत रेललेला.

त्याची दातखीळ बसली. शेजारी ट्रॅक्टरवाला होता, पलीकडे शाळेच्या बाई, दूधवाली म्हातारी, वहिनी. सगळ्यांची तोंडं किंचित उघडी होती, लहान मुलाला भरवताना आईचं आपोआप उघडतं तशी.

"वर या रे," दादा खाली बघून शांतपणे म्हणाला. "पाणी येतंय."

दोर ताणला गेला. खालचे दोघं घाई न करता वर येऊ लागले. त्यांच्या पायाखाली काळं पाणी कुठूनतरी भरत होतं, आवाज न करता. दातवाल्याने नजर काढून घेतली आणि पुन्हा पाहिलं, तेव्हा ओळ बुडाली होती. बुडताना ती पूर्वीपेक्षा जवळ आल्यासारखी वाटली, म्हणजे विहीर तिथे लहान झाल्यासारखी. पण उन्हातून एकदम अंधारात बघितलं की डोळ्यांना काहीही दिसतं. तो मागे सरकला. कुणी त्याला अडवलं नाही. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

बायको त्या गर्दीत नव्हती.

७

ती परसात होती. तो भिंतीच्या फटीतल्या वाटेने आला म्हणून तिला चाहूल लागली नाही. जार जमिनीवर ठेवलेला, त्याच्या तोंडात नरसाळं, नरसाळ्यावर दुहेरी फडकं. शेजारी विहिरीची ओली बादली. ती सावकाश, एक थेंब न सांडता, बादलीतून जारमध्ये पाणी ओतत होती. जार भरल्यावर तिने नरसाळं काढलं, जारचं तोंड पदराने पुसलं, खिळ्याला अडकवलेलं निळं झाकण घेतलं आणि तळहाताने ठोकून बसवलं. मग झाकणाभोवती अंगठा फिरवून सील नीट चिकटवलं. हात सराईत होते.

"हे काय करतेस?"

ती दचकली नाही. "तुमचं पाणी भरतेय."

"कधीपासून?"

"पहिला जार संपला तेव्हापासून."

"म्हणजे पहिल्यापासून."

"एक तर आणला होता ना," ती म्हणाली.

तो पायरीवर बसला. रोजचे पेले त्याच्या डोळ्यांसमोर आले, झाकण ठेवलेले, उजव्या हाताला. सगळ्या जगात ज्या एका गोष्टीवर त्याने डोळे मिटून विश्वास टाकला होता, ती ही होती. वहिनीचा हात लागू न देण्यामागे काळजी आहे असं तो समजत होता. ती काळजी नव्हती, नुसती हातचलाखी होती.

"शब्द दिला होतास तू मला."

"दिला होता."

"केसाने गळा कापलास माझा. का?"

तिने बादली उपडी घातली. तिच्यातून शेवटचं पाणी मातीत गेलं. "आले त्याच दिवशी वहिनीने पेला पुढे केला. दादासमोर नाही कसं म्हणायचं? एकदाच म्हणून घेतलं. मग रोज तहान त्याचीच लागायला लागली. मग माझं बदलायला लागलं." तिने नरसाळं झटकलं. "तुम्ही दिवसभर लोकांची तोंडं बघता. एक दिवस माझं बघाल, आणि गिऱ्हाइकाकडे बघता तसं बघाल, याची मला भीती वाटली. एकटीने बदलायची भीती वाटली. दोघंही सारखेच झालो असतो तर कुणाला काय दिसणार होतं?"

"मला विचारायचंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

तो म्हणाला, "दाखव."

तिने हात बाजूला केला. हसली नाही, नुसते ओठ वर घेतले. एकमेकांवर चढलेले ते दोन दात कुठे गेले होते कुणास ठाऊक. त्यांच्या जागी सरळ रांग होती, आणि डावीकडे ते तिघे, जे तो आत्ताच विहिरीत पाहून आला होता.

भिंतीपलीकडून माणसं परतत होती. ती बोलत नव्हती, नुसती पावलं वाजत होती.

८

त्याने हत्यारांची पेटी भरली. साचे मागे ठेवले. निघताना बायको खोलीच्या दारात उभी होती. "तहान लागेल तुम्हाला," एवढंच म्हणाली. ते शाप दिल्यासारखं नव्हतं. काळजी होती तिच्या बोलण्यात, आणि तीच त्याला सहन झाली नाही.

दादाने त्याला मोटारसायकलवरून रस्त्यापर्यंत सोडलं. वाटेत रागाचा एक शब्द नाही. बस येताना दिसली तेव्हा त्याने दातवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तिचा राग धरू नका. तुम्हाला सोडून राहवेना तिला, म्हणून केलं तिने. आणि जाल तिथे सुखाने राहा. पाण्याचं काय, एकदा मानवलं की मानवलं."

उस्तादांनी जुनी जागा परत दिली. शहरातल्या नळाचं पाणी त्याला काहीच वाटेना, चव नाही, ओल नाही, हवा प्यायल्यासारखं. पेल्यावर पेले रिचवून तो तहानलेलाच कामाला बसायचा. उस्तादांनी एकदा बोलता बोलता त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "पुढचा दात कुठे आपटलास?"

"बसमध्ये," तो म्हणाला.

दुकानातला आरसा तो गिऱ्हाइकांपुढे धरायचा, पाठ आपल्याकडे ठेवून. बायकोचा फोन आला नाही, त्यानेही केला नाही. राग होता, पण रागापेक्षा वाईट हे होतं की झालेलं सगळं सांगायला त्याला एकच माणूस हवं होतं, आणि ते माणूस तीच होती.

९

पावसाळा संपता संपता ती आली. दुपारची, दुकानात कुणी नसताना. हातात एक पिशवी, गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले. त्याने तिला आधी ओळखलं नाही.

"काढून टाकले सगळे," ती म्हणाली. बोलणं बोबडं येत होतं. "दवाखान्यातला डॉक्टर नको म्हणत होता, चांगले आहेत म्हणाला. मी म्हटलं, माझे नाहीत ते."

त्याने तिला बसायला स्टूल दिलं.

"वहिनीशी भांडून आलेय. परत जायची नाही," ती म्हणाली. "तुम्ही ठेवलं नाही तरी चालेल, कुठेतरी राहीन. पण एक काम करा. माझे होते तसे करून द्या. मला आठवत नाहीत आता. खरंच नाही आठवत. लग्नाच्या फोटोतही मी तोंड मिटून बसलेय. तुम्हालाच ठाऊक असतील."

त्याच्या आतलं काहीतरी सैल झालं. केलेलं विसरता येणार नव्हतं, पण हे त्याला करता येण्यासारखं होतं. हे तर जगात त्यालाच येत होतं. त्याने तिचं माप घेतलं, साचा ओतला, मेण मऊ केलं. तिला उस्तादांच्या बायकोकडे आराम करायला पाठवलं आणि कामाला बसला.

डोळ्यांसमोर तिचं पहिलं हसू होतं, स्पष्ट. त्याने पहिला दात रोवला, दुसरा त्यावर चढवला. हात भराभर चालत होते, कित्येक दिवसांत चालले नव्हते तसे. बाहेर ऊन कललं. त्याने मान वर करून पाठ मोकळी केली आणि हातातलं काम उजेडात धरलं.

सुळा बाजूला वळलेला होता. शेजारच्या दाताचा कोपरा त्याने स्वतः कानशीने उडवला होता. भुकटी बोटाला लागलेली होती. त्याच्या शेजारचा आत रेललेला.

त्याने मेण वितळवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी एकेका दातावर नजर ठेवून. दोन दात एकमेकांवर चढवले, पक्के बसवले, बोटाने दाबून पाहिले. पण डावा वर होता की उजवा? क्षणभर त्याने आठवायला डोळे मिटले. उघडले तेव्हा बोटं थांबलेली नव्हती.

तिसऱ्या खेपेलाही तेच झालं, तेव्हा त्याने मेण वितळवलं नाही. उस्ताद मागून येऊन म्हणाले, "वा! हात विसरला नाही तुझा."

कवळी तयार झाली त्या दिवशी ती समोर बसली. त्याने ती तिच्या तोंडात बसवली. सहज बसली, कुठे घासायलाही लागली नाही. तिने आरसा हातात घेतला, आणि तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. ती आता किंचाळेल, आरसा फेकेल, म्हणेल तुम्हीसुद्धा.

तिने बराच वेळ पाहिलं. ओठ वर घेतले, मान इकडे केली, तिकडे केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हेच," ती म्हणाली. "हेच होते माझे. तुम्ही विसरला नाहीत."

सांगायला तेवढा एकच क्षण होता. त्याचं तोंड उघडलंही.

"कसा विसरेन," तो म्हणाला.

ती आता त्याच्याजवळच राहते. त्याच खोलीत, त्याच नळाचं पाणी. पूर्वीपेक्षा मोकळी झाली आहे, रस्त्यात कुणाशीही बोलते, हसते. दोघं जेवायला बसतात आणि त्यांचे घास बरोबरीने संपतात. ती हसली की मात्र तो खाली बघतो. तिला वाटतं, जारचा राग त्याच्या मनातून अजून गेलेला नाही.